सुट्टीनंतर कॉलम धातू का सोडतो? बायोचार-बॅक्टेरिया कॉलमची नेहमीची तक्रार

सांडपाण्यातला धातू काढायला बायोचार (हवा तोडून भाजलेल्या चिपाडाचा किंवा तुसाचा कोळसा) भरलेल्या, त्यावर बॅक्टेरिया वाढवलेल्या उभ्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, पाणी सोडतात. त्याची तक्रार ठरलेली असते. कॉलम नवा असताना बाहेरचं पाणी उत्तम येतं. निकेल म्हणा, क्रोमियम म्हणा, जे काढायचं ते बहुतेक सगळं निघतं. मग एक सुट्टी येते, आठवड्याची, गणपतीची किंवा कॉलेजच्या परीक्षेची. पंप बंद राहतो. पुन्हा चालू केला की पहिल्या बादलीतच धातूचा आकडा आत येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त लागतो. दिवसभरात तो उतरत जातो, सगळे निश्चिंत होतात आणि पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं प्लेटिंगचं (धातूचा मुलामा चढवण्याचं) छोटं युनिट असो की तिथल्याच कुठल्या कॉलेजची प्रोजेक्ट लॅब, निदानही ठरलेलंच: "सर, बॅक्टेरिया मेल्यात बघा." की लगेच नवं कल्चर (लॅबमध्ये वाढवलेले बॅक्टेरिया), नवा बायोचार, पुन्हा भरणी, पुन्हा खर्च. आणि पुढच्या सुट्टीपर्यंत कॉलम खरंच छान चालतो, त्यामुळे निदान बरोबर होतं असा सगळ्यांचा समज होतो.

जरा थांबून आकड्याकडे बघा. बॅक्टेरिया मेले तर कॉलम धातू कमी काढेल, म्हणजे बाहेरचा आकडा आतल्याच्या जवळ जाईल. तो आतल्याच्या वर जाणार नाही. शिवाय पेशीच्या भिंतीवर शिसं-कॅडमियम चिकटणं हे मेलेल्या पेशीलाही जमतं. बाहेर आतल्यापेक्षा जास्त धातू येतो याचा अर्थ थराने आधी धरलेला धातू आता सुटतोय. 'कमी काढणं' आणि 'सोडणं' हे दोन वेगळे बिघाड आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. पुढचं सगळं या फरकावर उभं आहे.

आधी बाटली तपासा

कॉलमला हात लावण्याआधी नमुना कसा घेतला ते विचारा. लॅबकडून येणाऱ्या बाटलीत नायट्रिक आम्ल असतं, पाण्याचा पीएच २ च्या खाली राहावा म्हणून. पद्धत बरोबरच आहे. पण बंद पडलेला पंप चालू केला की पहिल्या झटक्यात थरातली बारीक काळी भुकटी पाण्याबरोबर बाहेर पडते. ते पाणी न गाळता आम्लाच्या बाटलीत ओतलं, की भुकटीवर धरलेला धातू बाटलीतच सुटतो आणि रिपोर्टमध्ये कॉलमच्या नावावर जमा होतो.

म्हणून दोन बाटल्या भरायच्या. एक ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, मग आम्ल. दुसरी न गाळता, आम्ल घालून. दोन्हींत मोठा फरक आला तर तुमचा त्रास भुकटीचा आहे. बायोचार चाळून अर्धा ते दोन मिलिमीटरचाच दाणा ठेवा, पाणी नितळ येईपर्यंत धुवा, खाली स्वच्छ वाळूचा थर द्या. हा बिघाड इथेच संपला. मात्र न गाळलेली बाटली खोटी म्हणून फेकू नका. नाल्यात सोडायच्या पाण्यात एकूण धातूच मोजला जातो, भुकटीसकट.

षट्संयुजी क्रोमियमच्या (क्रोमियमच्या जास्त विषारी रूपाच्या) बाटलीचे नियम वेगळे. तिथे आम्ल घालायचं नाही, कारण पाण्यात सेंद्रिय द्रव्य असलं की आम्लात ते क्रोमियम बाटलीतच त्रिसंयुजी, म्हणजे कमी विषारी रूपाचं, होतं. थंड ठेवा आणि त्याच दिवशी तपासा.

सुट्टीत थराच्या आत काय चालतं

आता खरा मुद्दा. प्लेटिंगच्या धुण्याच्या पाण्यात बॅक्टेरियाला खायला काही नसतं. म्हणून आपल्याकडे गुळाचं पाणी किंवा काकवी देतात. ऊसपट्टा आहे, स्वस्तात मिळते, आणि चालतेही चांगली. पंप चालू असताना पाण्याबरोबर थोडा ऑक्सिजन येत राहतो, बॅक्टेरिया गूळ पचवतात, ठीक चालतं. पंप बंद झाला की काही तासांत थरातला ऑक्सिजन संपतो. गूळ मात्र शिल्लक असतो. मग तो आंबतो, आणि आंबण्यातून सेंद्रिय आम्लं तयार होतात. थराच्या पोटातल्या पाण्याचा पीएच ६.५ वरून ५ ला, कधी त्याहून खाली येतो.

निकेल, कॅडमियम, शिसं, तांबं हे धन आयन बायोचारच्या आणि पेशींच्या ऋण भारावर बसलेले असतात. पीएच उतरला की पाण्यातले हायड्रोजन आयन त्यांच्या जागा घेतात. आम्ल वाढलं, धातू सुटला. लॅबमध्ये वापरलेला बायोचार पुन्हा मोकळा करायला आपण ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतो. सुट्टीत थर स्वतःच स्वतःला हेच औषध सौम्य प्रमाणात देतो, एवढंच. सुटलेला धातू तिथेच थांबलेल्या पाण्यात साठतो आणि पंप चालू झाला की पहिल्या लिटरांत एकदम बाहेर येतो.

याची खात्री करायला महागडं काही लागत नाही. पंप चालू करण्याआधी खालचा कॉक किंचित उघडून पहिलं अर्धा लिटर पाणी वेगळं घ्या. त्याचा पीएच मोजा, वास घ्या. आंबूस वास, पीएच ५ च्या आसपास, कॉलमच्या काचेला आतून बुळबुळीत साय: उत्तर मिळालं. सडक्या अंड्यासारखा वास आला आणि खालचा थर काळा चकचकीत दिसला, तर सल्फेटवर जगणारे बॅक्टेरिया जागे झालेत. त्यांच्या सल्फाइडने धातू उलट घट्ट बसतो, पण नंतर ऑक्सिजन असलेलं पाणी सुरू झालं की ते सल्फाइड ऑक्सिडाइझ होतं आणि धातू पुन्हा पाण्यात येतो. तक्रार तीच दिसते, फक्त पहिल्या बादलीत न येता दोन-चार तासांनी.

आणि दोन्हीपैकी काही नसेल, थांबलेल्या पाण्याचा पीएच ठीक असेल, तर आत येणारं पाणी बघा. सुट्टीच्या आदल्या दिवशी पिकलिंगच्या (आम्लात बुडवून धातूचा गंज काढायच्या) टाकीजवळची फरशी धुतात, आणि ते आम्लाचं पाणी साठवण टाकीच्या तळाशी बसून राहतं. पंपाचं तोंड तळालाच असतं. सुट्टीनंतर तो सगळ्यात आधी तेच ओढतो. इथे बायोचारला किंवा बॅक्टेरियाला दोष देण्यात अर्थ नाही. पंपाचं तोंड वर घ्या, टाकी ढवळा, आणि पीएच ६ ते ७ झाल्याशिवाय पाणी कॉलमवर घेऊ नका.

उपाय

सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळीच गूळ बंद करायचा. संध्याकाळी पंप थांबवण्याआधी थराच्या आकारमानाच्या तिप्पट-चौपट साधं पाणी जाऊ द्यायचं, म्हणजे शिल्लक साखर निघून जाते. वीज असेल आणि छोटा पंप असेल तर सुट्टीभर तेच पाणी हळू फिरवत ठेवा, वर टाकीत मत्स्यटाकीचा हवेचा पंप सोडा. खर्च किरकोळ, फरक मोठा.

चालू करताना थराच्या दोन-तीन आकारमानांएवढं पहिलं पाणी बाहेर न सोडता परत साठवण टाकीत घ्या. ही एक सवय लागली तरी निम्म्या तक्रारी मिटतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस नमुना न्यायला आला म्हणून नव्हे, रोजच्या कामाचा भाग म्हणून तो पाइप कायमचा जोडून ठेवा.

निकेल-कॅडमियमच्या कॉलममध्ये सुट्टीआधीच्या शेवटच्या पाण्यात लिटरमागे साधारण अर्धा ग्रॅम खायचा सोडा घातला तर पीएच घसरायला अडथळा होतो. क्रोमच्या कॉलमला मात्र हा उपाय लावू नका. क्रोमेट, म्हणजे पाण्यातलं षट्संयुजी क्रोमियम, हा ऋण आयन आहे. पाणी अल्कधर्मी झालं की न बदललेलं क्रोमेट बायोचारवरून सुटतं. एकाला तारणारा सोडा दुसऱ्याला बुडवतो, म्हणून कॉलमवर कुठला धातू आहे ते मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेलं बरं.

गुळाचं प्रमाणही आवरा. लिटरला पाव ग्रॅम गूळ म्हणजेच जवळपास २५० मिलिग्रॅम सीओडी (पाण्यातलं सेंद्रिय द्रव्य रसायनाने ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन), आणि जमिनीवरच्या पाण्यात सोडण्याच्या सर्वसाधारण मानकांत सीओडीची मर्यादाच लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. धातू काढायच्या नादात सीओडीत अडकणारे मी पाहिलेत.

हार्ड क्रोमवाल्यांसाठी वेगळं

बेळगावात हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्यांवर हार्ड क्रोम (क्रोमियमचा कडक मुलामा) चढवण्याचं काम बरंच चालतं, त्यामुळे क्रोमियमवर जरा जास्त लिहितो. इथे एक हमखास गोंधळ होतो. युनिटमधली डायफेनिलकार्बाझाइडची चाचणी जांभळा रंग दाखवत नाही, म्हणजे षट्संयुजी क्रोमियम नाही. मालक खूश. आठ दिवसांनी लॅबचा रिपोर्ट येतो आणि त्यात एकूण क्रोमियम जास्त. दोघांपैकी कोणी खोटं नाही. बॅक्टेरियाने षट्संयुजीचं त्रिसंयुजी केलं, ते हायड्रॉक्साइड होऊन थरात बसलं, सुट्टीतल्या आम्लाने ते विरघळून बाहेर आलं. त्रिसंयुजीला तो जांभळा रंग येतच नाही. सर्वसाधारण मानकांत षट्संयुजीला लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आणि एकूण क्रोमियमला २ मिलिग्रॅम अशा दोन वेगळ्या मर्यादा आहेत, तेव्हा दोन्ही मोजावे लागतात.

दुसरी अडचण मुळातलीच आहे. नुसता बायोचार क्रोमेट सगळ्यात चांगलं घेतो ते पीएच २-३ ला. बहुतेक बॅक्टेरिया काम करतात ते ७ च्या आसपास. एकाच कॉलमकडून दोन्ही मागितलं की मधला ४-५ पीएच ठेवला जातो आणि तिथे दोघंही अर्धपोटी. माझं मत विचाराल तर क्रोमसाठी दोन टप्पे करा: आधी आम्लात नुसता बायोचार, मग पाणी उदासीन करून, बसलेला गाळ काढून, उरलेल्यासाठी बॅक्टेरियाचा कॉलम. गाळ न काढता पुढे ढकललात तर हिरवट हायड्रॉक्साइड दाण्यांच्या मध्ये बसतं, दाब वाढतो आणि पाणी कडेने वाट काढतं.

सुट्टीशी संबंध नसेल तर

आकडा दिवसेंदिवस हळूहळू चढत असेल तर बहुधा कॉलम भरलाय, बाकी काही नाही. हिशेब करून बघा. अर्धा किलो बायोचार, प्रत्यक्ष कॉलममध्ये ग्रॅममागे १० मिलिग्रॅम धरला, म्हणजे एकूण ५००० मिलिग्रॅम. आत येणाऱ्या पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम निकेल असेल तर अडीचशे लिटरला तो संपला. रोज पन्नास लिटर सोडत असाल तर पाच दिवस. फ्लास्कमध्ये हलवून काढलेली कमाल क्षमता कॉलमला लावून महिनाभराची स्वप्नं बघतात, तिथेच फसगत होते. कॉलममध्ये त्याच्या निम्मी मिळाली तरी पुष्कळ.

मिश्र पाणी असेल तर भरत आलेल्या कॉलममध्ये आणखी एक प्रकार होतो. शिसं आणि तांबं निकेल-कॅडमियमपेक्षा घट्ट बसतात, आणि भरलेल्या बसमध्ये चढणारा दांडगा माणूस आधी बसलेल्याला उठवतो तसं नंतर आलेलं तांबं निकेलला उठवतं. त्यामुळे निकेलचा बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा वर जातो. हे 'सोडणं'च आहे, पण सुट्टीनंतर नाही, चालू आठवड्याच्या मधोमध होतं आणि पीएच ठीक असतो. ओळखायची खूण तीच.

बोअरच्या पाण्यावर प्रयोग करणाऱ्यांनी गाव कुठलं ते लक्षात घ्यावं. अथणी, रायबाग, गोकाककडच्या काळ्या रानातलं पाणी जड. त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम जागा अडवतो आणि डिस्टिल्ड पाण्यात मिळालेले आकडे तिथे मिळत नाहीत. खानापूरकडे जांभा दगड, तिथल्या एखाद्या बोअरला लोह असतं. ते हवा लागली की तांबूस गंज होऊन पहिल्या दोन इंचांत बसतं. अशा ठिकाणी कॉलमच्या आधी हवा देऊन साधा वाळूचा फिल्टर ठेवा. आणि जिवंत बॅक्टेरियाचा कॉलम पिण्याच्या पाण्यासाठी अजिबात नको. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ०.००३ आहे. घरच्या बादलीवर तो खेळ करायचा नाही.

थंडीचंही थोडं. बेळगाव उंचावर आहे, डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलाच गारठा पडतो. बॅक्टेरियाचं क्रोमियम बदलण्याचं काम गारठ्यात मंदावतं. प्रवाह कमी करा, काम भागतं.

बायोचार म्हणून काय भरलंय?

गुऱ्हाळाच्या चुलवाणातून काढलेली राख बायोचार म्हणून भरलेली मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिली. चुलवाणात हवा भरपूर असते, चिपाड पूर्ण जळतं आणि उरते ती बहुतेक राख, वर थोडे काळे तुकडे. त्या राखेत क्षार इतके असतात की पाण्याचा पीएच ९-१० च्या वर जातो, धातू हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतो आणि आकडे पहिल्या दिवशी झकास येतात. क्षार धुऊन गेले की पीएच उतरतो, बसलेला गाळ विरघळतो आणि मग लोक बॅक्टेरियाला शिव्या देतात. बायोचारसाठी चिपाड किंवा भाताचं तूस बंद ड्रममध्ये, हवा तोडून, चारशे-पाचशे अंशांना भाजावं लागतं. तुसाच्या बायोचारमध्ये सिलिका जास्त, त्यामुळे दाणा टिकतो. चिपाडाचा हलका आणि सच्छिद्र, पण भुकटी जास्त पडते.

खरा बायोचारसुद्धा ताजा असताना अल्कधर्मी असतो आणि त्यावर डांबरासारखे अंश राहिलेले असतात. त्यावर लगेच कल्चर ओतलं तर ते बॅक्टेरिया मात्र खरंच मरतात. एकदा सौम्य आम्लाने, मग साध्या पाण्याने पीएच ७ च्या जवळ येईपर्यंत धुवा, वाळवा, निर्जंतुक करा आणि मगच कल्चर द्या. चोवीस तास हलतं ठेवा, सुटे राहिलेले बॅक्टेरिया ०.८५ टक्के मिठाच्या पाण्याने धुऊन काढा. फॉस्फेट बफरने नको. कॉलम शिशाचा असेल तर उरलेलं फॉस्फेट शिशाला धरून खाली बसवतं आणि ते श्रेय फुकट बॅक्टेरियाला जातं.

जिवाणू निवडताना बॅसिलस सबटिलिससारखा निरुपद्रवी घ्या. स्यूडोमोनास एरुजिनोसाचे आकडे कितीही चांगले असोत, तो माणसाला आजार करू शकतो, आणि आपलं सांडपाणी कुठे ना कुठे शिवारात जातंच.

गोळ्या विरघळल्या

बायोचार आणि बॅक्टेरिया सोडियम अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळापासूनच्या चिकट पदार्थात) मिसळून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडून गोळ्या करणारे बरेच आहेत. डिस्टिल्ड पाण्यात गोळ्या महिनाभर टिकतात, आणि बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी वापरलं की दोन दिवसांत मऊ पडून फुटतात. नाल्यात सांडपाणी आहे, सांडपाण्यात साबण-डिटर्जंटमधलं फॉस्फेट आहे, आणि फॉस्फेट गोळीला बांधून ठेवणारा कॅल्शियम ओढून घेतं. सोडियम जास्त असलेलं पाणीही तेच करतं. नाल्याच्या पाण्यासाठी गोळ्यांचा हट्ट सोडा, बायोचारवर थेट बॅक्टेरियाची साय धरू द्या. गोळ्याच हव्या असतील तर पाण्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड देत राहावं लागेल, आणि तो कॅल्शियम पुन्हा धातूशी जागेसाठी भांडणार.

बॅक्टेरिया खरंच काही करतात का

हा प्रश्न प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत विचारला जातो आणि विचारायलाच हवा. तीन कॉलम शेजारी लावा: नुसता बायोचार, बायोचारवर मारलेले बॅक्टेरिया (१२१ अंशांना पंधरा मिनिटं ऑटोक्लेव्ह), आणि जिवंत. तिन्हींना तेच पाणी, तोच पीएच. शिसं-तांब्यासाठी बरेचदा आलेखावरच्या तिन्ही रेषा एकमेकींवर बसतात. मग गूळ, कल्चर, सुट्टीची कटकट हे सगळं कशासाठी? नुसता बायोचार वापरा आणि मोकळे व्हा. उदासीन पाण्यातल्या षट्संयुजी क्रोमियमला मात्र जिवंत कॉलम स्पष्ट पुढे जातो, तिथे मेहनत सार्थकी लागते. बॅक्टेरिया जिवंत आहेत का हे मोजायचं तर बाहेरच्या पाण्यात मोजू नका, ते सुटून आलेले असतात. थराच्या वरून, मधून आणि खालून ग्रॅमभर बायोचार काढा, मिठाच्या पाण्यात जोरात हलवा, विरल करून अगारवर (बॅक्टेरिया वाढवायच्या जेलीवर) पसरा. वर भरपूर आणि खाली काहीच नाही, असं दिसलं तर ऑक्सिजन खालपर्यंत पोचत नाही.

भरलेला बायोचार

येळ्ळूर-वडगावकडचे शेतकरी हल्ली बायोचारबद्दल ऐकून असतात. काळा माल बाहेर काढलेला दिसला की "भाताच्या तरव्याला घालू काय ओ?" असं विचारतात. नाही म्हणून सांगा. तो धातूने भरलेला आहे. भिजलेल्या शेतात मुळांच्या आणि कुजणाऱ्या पाल्याच्या आम्लाने तेच होईल जे सुट्टीत कॉलममध्ये होतं. वाळवून, झाकणाच्या ड्रममध्ये, धातूचं नाव आणि तारीख लिहून ठेवा, आणि २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे अधिकृत केंद्राकडे पाठवा. तो किती धातू सोडेल हे आधी पाहायचं असेल तर लॅबला पाझर चाचणी करायला सांगा. त्यात माल ४.९ च्या आसपासच्या पीएचच्या ॲसिटिक आम्लाच्या द्रावणात अठरा तास फिरवतात. त्या रिपोर्टचा आकडा आणि तुमच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या अर्ध्या लिटरचा आकडा शेजारी ठेवून बघा, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतील.